आयरिश पब शोधताना

म्हैसूरला आलो की मुलगा आयरिश पब शोधू लागतो. परवा मी त्याला वेलिंग्टन लॉजसमोर नेऊन उभं केलं. म्हटलं, हा घे तुझा आयरिश! आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. जन्म डब्लिनचा, १७६९ चा. १७९९ मध्ये टिपू पडला, श्रीरंगपट्टणचा ताबा याच्याकडे आला. सोबत अमृतमहालचे बैलही आले. तोफा आणि रसद झपाट्यानं ओढणारे. १८०३ च्या दख्खन मोहिमेत तेच त्याच्या कामी आले. २३ सप्टेंबरला भोकरदनजवळ असईला त्यानं शिंदे-भोसल्यांना हरवलं. आपण अजून फितुरीवरच बोलतो. मी फौजेत रसद सांभाळली आहे. मला आधी बैल दिसतात.

मुलगा म्हणाला, "बाबा, आणि पब?"