राखीव क्वार्टरबॅक : क्षमता आणि सज्जता

राखीव क्वार्टरबॅक : अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये मुख्य क्वार्टरबॅकच्या पाठोपाठ डेप्थ चार्टवर, म्हणजे जागानिहाय क्रमवारीत, नाव असलेला खेळाडू. मुख्य खेळाडू जखमी झाला, त्याचा खेळ ढासळला किंवा सामना एकतर्फी झाला, की याला मैदानात उतरवतात. त्याची पारख करताना प्रशिक्षकासमोर दोन वेगळे प्रश्न असतात. या मुलाच्या अंगात किती खेळ आहे, हा पहिला. आणि आज, याच सामन्यात, तो संघ चालवू शकेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर म्हणजे क्षमता, दुसऱ्याचे सज्जता. या दोहोंची गल्लत झाली की निवड चुकते. क्षमता बऱ्याच अंशी मोजता येते. सज्जता मात्र घडवावी लागते आणि ती घडवण्याची निम्मी जबाबदारी संघाची असते.

खेळातील स्थान : अमेरिकन फुटबॉलचे मैदान 100 यार्ड (सुमारे 91 मी.) लांबीचे असून दोन्ही टोकांना 10-10 यार्डांचे एंड झोन असतात. आक्रमण करणाऱ्या 11 जणांच्या संघाला 4 प्रयत्नांत, म्हणजे 4 डाउनमध्ये, 10 यार्ड पुढे सरकावे लागते. जवळजवळ प्रत्येक डाउनमध्ये सेंटरकडून, म्हणजे पुढच्या फळीतील मधल्या खेळाडूकडून, आलेला चेंडू प्रथम क्वार्टरबॅकच्या हाती पडतो. तो फेकायचा, धावपटूकडे सोपवायचा की स्वतः घेऊन पळायचा, याचा निर्णय त्याला काही क्षणांत घ्यावा लागतो. क्रिकेटमधील बारावा खेळाडू क्षेत्ररक्षणापुरता येतो. इथे मात्र राखीव क्वार्टरबॅक मैदानात आला, की आक्रमणाची सगळी सूत्रे त्याच क्षणी त्याच्याकडे जातात. त्यामुळे इतर कोणत्याही राखीव खेळाडूपेक्षा त्याची निवड अधिक जोखमीची ठरते.

शारीरिक क्षमता : वेग आणि चपळाई मोजण्याच्या रूढ चाचण्या म्हणजे 40 यार्डांची (सुमारे 36.6 मी.) धाव, दिशा बदलत धावण्याची 20 यार्डांची शटल धाव, तीन शंकूंभोवतीची धाव, उभी उडी आणि लांब उडी. यांतील सरळ धावेला प्रसिद्धी फार मिळते. पण क्वार्टरबॅकला सरळ 40 यार्ड पळण्याची वेळ क्वचित येते. त्याचा खरा कस लागतो तो पॉकेटमध्ये, म्हणजे पुढच्या फळीतील लाइनमन त्याच्याभोवती उभारतात त्या संरक्षित जागेत. अंगावर येणाऱ्याला दोन छोट्या पावलांत चुकवायचे, नजर पुढे चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरवरच ठेवायची आणि पाय पुन्हा फेकीच्या पवित्र्यात आणायचे, हे कौशल्य घड्याळावर दिसत नाही. त्यासाठी सामन्याचे चित्रण पुन्हापुन्हा पाहावे लागते.

हाताची ताकद पाहण्याची एक चांगली कसोटी कॉलेजच्या मैदानाने आपसूकच दिली आहे. मैदानाची रुंदी 160 फूट असते आणि चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवून डाव सुरू होतो त्या दोन हॅश खुणांमध्ये कॉलेजात 40 फुटांचे अंतर असते. व्यावसायिक मैदानावर हेच अंतर साडेअठरा फूट आहे. समजा, चेंडू डाव्या हॅशवर आहे आणि रिसीव्हर 15 यार्ड पुढे जाऊन उजव्या कडेला वळतो. ती कडा हॅशपासून आडवी 100 फूट दूर असते. क्वार्टरबॅक स्वतः काही यार्ड मागे सरकलेला असतो. म्हणजे कागदावर 15 यार्डांची दिसणारी ही फेक हवेत 35 यार्डांहून अधिक अंतर कापते. ती सपाट आणि वेळेवर गेली नाही, तर कडेचा बचावपटू मध्ये घुसून चेंडू पळवतो. सरावात एखाद्या मुलाने 60 यार्ड लांब फेक करून टाळ्या मिळवल्या, तरी जाणता प्रशिक्षक ही आडवी फेक पाहिल्याशिवाय हाताबद्दल मत देत नाही.

आकडे वाचताना : राखीव खेळाडूच्या नावावर आकडे थोडे असतात आणि तेही फसवे असतात. निकाल लागून गेलेल्या सामन्याच्या शेवटच्या पावतासात तो उतरतो तेव्हा समोर बहुधा प्रतिस्पर्ध्यांचे राखीव खेळाडू असतात, बचाव साधा असतो आणि वेळ काढण्यासाठी त्याला चेंडू धावपटूकडे सोपवायला सांगितलेले असते. तिथली चांगली सरासरी फार काही सिद्ध करत नाही आणि फेकींची कमी संख्या त्याच्या हाताचा दोष दाखवत नाही. धावांच्या आकड्यांत आणखी एक खोच आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक फेकण्याआधीच पाडला गेला, म्हणजे सॅक झाला, तर गमावलेले यार्ड त्याच्या धावांतून वजा होतात. एखाद्याने 5 वेळा पळून 40 यार्ड कमावले आणि 2 सॅकमध्ये 16 गमावले, तर नोंद होते 7 धावा, 24 यार्ड. प्रत्यक्षात धावेमागे 8 यार्ड मिळवणारा मुलगा कागदावर साडेतीनचाही दिसत नाही. सॅक वेगळे काढल्याशिवाय त्याच्या पळण्याबद्दल बोलणे अन्यायाचे आहे.

सरावातही मर्यादा असतात. क्वार्टरबॅकला इजा होऊ नये म्हणून त्याला वेगळ्या रंगाची जर्सी देतात आणि त्याला पाडण्यास मनाई असते. स्पर्श होताच शिट्टी वाजते. ज्याची ताकद पकड सोडवून निसटण्यात आहे, त्याचा हा गुण अशा सरावात झाकलेलाच राहतो.

सज्जतेची अंगे : सज्जतेत डावांची वही पाठ असणे ही पहिली पायरी. त्यानंतर स्नॅपपूर्वी, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देण्यापूर्वी, बचावाची मांडणी ओळखणे, अंगावर कोण येणार हे हेरून लाइनमनना संरक्षणाची हाक देणे, पहिला रिसीव्हर अडकला तर दुसऱ्या-तिसऱ्याकडे क्रमाने नजर नेणे, 40 सेकंदांच्या घड्याळात डाव वेळेवर सुरू करणे आणि काहीच जमत नसेल तेव्हा चेंडू बाहेर फेकून नुकसान टाळणे. यांत भर पडते ती सांघिक सवयींची. सेंटर आणि नवा क्वार्टरबॅक यांचा हात बसलेला नसेल, तर स्नॅपच निसटतो. डावखुऱ्याचा चेंडू हवेत उलट्या दिशेने फिरतो, त्यामुळे रिसीव्हरनाही तो झेलण्याची सवय करावी लागते. अशी चूक मैदानात घडली की दोष राखीव खेळाडूच्या माथी बसतो. तिचे मूळ अनेकदा सरावाच्या वाटणीत असते. हंगामात खेळाडूंच्या वेळेवर आठवड्याला 20 तासांची मर्यादा असते आणि मुख्य तुकडीबरोबरचे बहुतेक डाव पहिल्या क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातात. उरलेल्या सरावावर दुसऱ्याला उभे राहावे लागते.

गाजलेली उदाहरणे : 2014 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचा मुख्य क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर हंगामापूर्वीच खांद्याने जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेल्या जे. टी. बॅरेटचा घोटा नोव्हेंबरअखेर मिशिगनविरुद्ध मोडला. तिसऱ्या क्रमांकाच्या कार्डेल जोन्सला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळायला मिळाले ते थेट बिग टेन परिषदेच्या अंतिम सामन्यात. ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनला 59-0 असे हरवले. पुढे अलाबामाला 42-35 आणि 12 जानेवारी 2015 रोजी ओरेगनला 42-20 असे नमवून कॉलेज फुटबॉल प्लेऑफचे पहिले विजेतेपद मिळवले. सुमारे 6 फूट 5 इंच उंचीचा, 250 पौंड (सुमारे 113 किग्रॅ.) वजनाचा आणि लांब फेकीचा जोन्स देशभर गाजला. मात्र त्या तीन सामन्यांत धावपटू इझिकिएल एलियटने अनुक्रमे 220, 230 आणि 246 यार्ड काढले होते, हेही जमेस धरावे लागते. 2015 च्या हंगामाची सुरुवात जोन्सने केली, पण मध्यावर जागा बॅरेटकडे गेली. तीन सामने सज्जतेचा भक्कम पुरावा ठरले. पूर्ण हंगामाची हमी देण्यास ते अपुरे होते.

8 जानेवारी 2018 रोजी अटलांटातील राष्ट्रीय अंतिम सामन्यात मध्यंतराला जॉर्जिया 13-0 असे पुढे होते. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी मुख्य क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बसवून पहिल्या वर्षाच्या तुआ टागोवायलोआला उतरवले. त्याने एक इंटरसेप्शन दिले, म्हणजे त्याची एक फेक बचावाने झेलली, तरी सामना जादा वेळेत नेला. तिथे जॉर्जिया 23-20 असे पुढे असताना तो पहिल्याच डावात 16 यार्ड मागे पाडला गेला. समोर दुसरा डाउन आणि 26 यार्ड. पुढच्या स्नॅपला त्याने आधी नजर दुसरीकडे ठेवून सेफ्टीला, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूला, तिथेच रोखले आणि मग डाव्या बाजूने धावणाऱ्या डेव्हॉन्टा स्मिथकडे 41 यार्डांची विजयी टचडाउन फेक केली. अंगाचा कस आणि डोक्याची शांतता या एका डावात एकत्र दिसतात. आदल्या डावातली घोडचूक त्याने पुढच्या डावात नेली नाही, हा सज्जतेचा सर्वांत स्पष्ट पुरावा होय.

त्याच वर्षी 1 डिसेंबरला चित्र उलटले. त्याच शहरात, त्याच जॉर्जियाविरुद्ध, एसईसी परिषदेच्या अंतिम सामन्यात टागोवायलोआ जखमी झाला. संपूर्ण हंगाम दुसऱ्या क्रमांकावर काढलेला हर्ट्स चौथ्या पावतासात उतरला आणि 28-21 अशी पिछाडी भरून काढत त्याने संघाला 35-28 असे जिंकून दिले. मुख्य जागा गेल्यावरही त्याने तयारी सोडली नव्हती. पुढे तो ओक्लाहोमा विद्यापीठात गेला आणि कालांतराने सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, सर्वोत्कृष्ट खेळाडूही ठरला.

शरीरयष्टी पाहून मत बनवणाऱ्यांना जॉर्जियाच्या स्टेट्सन बेनेटने उत्तर दिले. शिष्यवृत्तीशिवाय संघात दाखल झालेला आणि या जागेसाठी ठेंगणा मानला जाणारा बेनेट 2021 चा हंगाम सुरू झाला तेव्हा राखीव होता. जे. टी. डॅनियल्सच्या दुखापतीमुळे संधी मिळाली आणि 2021 व 2022 या दोन्ही हंगामांत त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. मिशिगनमध्ये ब्रायन ग्रीसीच्या मागे बसलेला टॉम ब्रेडी 2000 च्या व्यावसायिक निवडपूर्व चाचणीत 40 यार्ड 5.28 सेकंदांत धावला, 199 व्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याने 7 सुपर बोल जिंकले. यूएससी विद्यापीठात कार्सन पामर व मॅट लायनर्ट या कॉलेजातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळवलेल्या दोघांच्या मागे राहिलेल्या मॅट कॅसलने कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून एकही सामना सुरू केला नव्हता. 2008 मध्ये ब्रेडी जखमी झाल्यावर कॅसलच्या हाताखाली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने हंगाम 11-5 असा संपवला. दुसरा क्रमांक पुष्कळदा एवढेच सांगतो, की पहिल्या क्रमांकावर कोणीतरी फार चांगला आहे.

नियमांतील बदल : 2018 पासून खेळाडूला 4 सामन्यांपर्यंत खेळूनही रेडशर्ट राहता येते, म्हणजे पात्रतेचे वर्ष वाचवता येते. त्यामुळे नवख्या राखीव क्वार्टरबॅकला खऱ्या सामन्यात आजमावणे सोपे झाले. त्याच वर्षी ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले आणि 2021 पासून पहिल्या बदलीसाठी एक वर्ष बाहेर बसण्याची अट गेली. परिणामी दुसऱ्या क्रमांकावर वाट पाहण्याची परंपरा क्षीण झाली. पोर्टलपूर्वीच, 2018 मध्ये, ओहायो स्टेट सोडून लुइझियाना स्टेटला गेलेल्या जो बरोने 2019 मध्ये 60 टचडाउन फेकी करून संघाला 15-0 असे अपराजित विजेतेपद दिले. संघ बदलण्यात काय मिळू शकते, हे त्यातून सर्वांना दिसले. याउलट मॅक जोन्स अलाबामातच थांबला. 2019 मध्ये टागोवायलोआ जखमी झाल्यावर त्याला जागा मिळाली आणि 2020 मध्ये त्याने संघाला 13-0 अशा विजेतेपदापर्यंत नेले. 2024 पासून सर्वोच्च श्रेणीत प्रशिक्षकाला एका खेळाडूच्या हेल्मेटमधील रेडिओवर बोलता येते. नवख्याला याचा मोठा आधार असतो. पण घड्याळात 15 सेकंद उरताच आवाज बंद होतो. बचावाने शेवटच्या क्षणी बदललेली मांडणी त्याला स्वतःच ओळखावी लागते.

मूल्यमापनाची दिशा : न्याय्य पारख करायची, तर प्रत्येक फेकीच्या निकालाआधी तिच्यामागचा निर्णय पाहावा. रिसीव्हरच्या हातून सुटलेली अचूक फेक चांगलीच असते आणि दोन बचावपटूंमध्ये भिरकावून नशिबाने साधलेला टचडाउन धोक्याची सूचना असतो. समोर कोणता बचाव होता, सोबत कोणती तुकडी होती, आठवडाभरात किती डाव मिळाले होते, याची नोंद आकड्यांच्या शेजारी ठेवावी. चूक झाल्यानंतरचा लगेचचा डाव वेगळा काढून पाहावा. पहिल्या संधीला डावांची यादी छोटी आणि खेळाडूच्या हाताला मानवणारी ठेवणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य आहे. मोठ्या वहीखाली दबलेल्या मुलाला असमर्थ म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. ही मुले बहुधा 18 ते 22 वर्षांची असतात, वर्गात शिकत असतात आणि त्यांची वाढ अजून चालू असते. म्हणून आजच्या सज्जतेबद्दलचे मत ठामपणे द्यावे आणि क्षमतेबद्दलचे मत दर हंगामाला नव्याने तपासावे.