पंचहौदाचा चहा

आमच्या असोद्याच्या किराणा दुकानांत खाद्यपदार्थांच्या पुडक्यांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो. तो सरकारी नियमानें लागतो आणि त्याविषयीं कोणी भांडत नाहीं. भांडण आहे तें धर्मसंस्थांच्या शिक्क्यांचें. नोव्हेंबर २०२३ मध्यें उत्तर प्रदेश सरकारनें, निर्यातीचा माल वगळून, 'हलाल' प्रमाणपत्राच्या जिनसांवर बंदी घातली. मार्च २०२५ मध्यें महाराष्ट्राचे मंत्री नितेश राणे यांनीं हिंदु खाटकांच्या झटका मटणासाठीं 'मल्हार' प्रमाणपत्र पुढें आणलें.

वाचकांस हें सारें नवें वाटत असेल, तर त्यांनीं १४ ऑक्टोबर १८९० चें पुणें आठवावें. पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानास जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें आलीं. कोणी घेतलीं, कोणी पेल्यास नुसता हात लावला. गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान, आणि मोठे खट्याळ गृहस्थ) यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं. सुधारक रानडे, गोखले आणि त्यांचे प्रतिपक्षी टिळक, सारेच एका यादींत सांपडले! सनातन्यांनीं शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. चौकशीस शास्त्री आले. काशीस प्रायश्चित्त झाल्याचें टिळकांनीं सांगितलें. रानड्यांनीं १८९२ मध्यें प्रायश्चित्त घेतलें, आणि सुधारकांचे बोल ऐकले.

या प्रकरणाचें मर्म चहांत नव्हतें. शुद्धाशुद्ध कोणी ठरवावें, आणि न मानणाऱ्यास शिक्षा काय, हा खरा प्रश्न होता. शिक्षा म्हणजे पंक्ति बंद, श्राद्धास भटजी नाहीं, लेकीचें लग्न जुळत नाहीं. पीठाजवळ ना शिपाई होता ना तुरुंग. तरी रानड्यांसारखा पुरुष नमला.

आज प्रमाणपत्र घेणें व्यापाऱ्याच्या खुषीचें आहे. आपल्या धर्मास मानवेल तें अन्न पारखून घेण्याचा हक्क घटनेच्या २५ व्या कलमांत बसतो, असें आम्ही समजतों. मग तें हलाल असो, झटका असो, कीं जैनांचें कांदालसणावांचूनचें. परंतु शिक्का नाहीं म्हणून, किंवा आहे म्हणून, दुकान वाळींत टाका अशी हाक उठली, कीं पुन्हा पंचहौद आलाच. मुंबई प्रांतानें १९४९ सालीं बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहऱ्यांच्या सय्यदनांच्या खटल्यांत १९६२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द केला, कारण धार्मिक कारणावरून वाळींत टाकण्याचा धर्मगुरूचा अधिकार न्यायालयास धर्माचाच भाग वाटला. पुढें महाराष्ट्रानें २०१६ चा सामाजिक बहिष्कारबंदीचा कायदा केला. १८९० सारखें ग्रामण्य आज कोणी चालविलें, तर या कायद्याखालीं त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.