बटण न दाबण्याचा इतिहास

तर झालं असं.. नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान दोन दिवसांवर आणि माझ्या हातात रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं पुणे-लातूर तिकीट. रूममेट म्हणाला, "रात्रभर धक्के खात जाणार आणि नोटाच दाबणार ना? मग इथेच झोप की लेका!"

त्याचं बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. माझं मत अजून गावाकडे, लातूर ग्रामीणमध्ये आहे. २०१९ मध्ये आयुष्यातलं पहिलं मत दिलं ते नोटाला, आणि मग वर्षभर ते सगळ्यांना अभिमानाने सांगत फिरलो. बसमध्ये झोप लागेना, म्हणून हे नोटा प्रकरण आलं कुठून ते वाचत बसलो. आमच्या धंद्यातल्या माणसाला तर ही गोष्ट फारच ओळखीची वाटेल.

कागदी मतपत्रिका होती तेव्हा प्रश्नच नव्हता. कोणीच पसंत नसेल तर कागद कोरा टाका, नाहीतर दोन शिक्के मारा. मत बाद व्हायचं, पण कोणाचं बाद झालं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मग मशीन आलं. १९८२ मध्ये केरळात परवूरला ५० केंद्रांवर पहिला प्रयोग झाला. कायद्यात मशीनची तरतूदच नाही म्हणून १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो अमान्य केला. मग कायदा बदलला, आणि २००४ ची लोकसभा देशभर मशीनवर झाली.

आता गंमत बघा. अधिकारी कंट्रोल युनिटवरचं बटण दाबतो, मशीन एका मतासाठी मोकळं होतं आणि तुम्ही निळं बटण दाबलं की 'बीप' वाजतो. तुम्ही काहीच दाबलं नाही तर? बीप नाही. मशीन तसंच अडकून. खोलीतल्या प्रत्येक पोलिंग एजंटला कळतं की अमक्याच्या पोराने कोणालाच मत दिलं नाही! कागदावर जे गुपचूप करता येत होतं, ते नव्या सिस्टिममध्ये गायब. मायग्रेशन करताना जुनं एखादं फीचर राहून जातं ना, अगदी तस्सं. (आपण रिलीजनंतर 'असं कोणी वापरत असेल वाटलं नव्हतं' म्हणतो, ते आठवलं.)

यावर उपाय होता नियम ४९-ओ. अधिकाऱ्याला सांगायचं की मत द्यायचं नाही, तो रजिस्टरात शेरा मारणार, तुम्ही सही करणार. गावात ही सही करायला छाती लागते. याच नियमावर एक मेल वर्षानुवर्षं फिरत होती, की ४९-ओ वाले मताधिक्यापेक्षा जास्त झाले तर फेरमतदान होतं. साफ खोटं.

पीयूसीएलने २००४ मध्ये याचिका केली आणि २७ सप्टेंबर २०१३ ला निकाल आला: मत न देणाऱ्यालाही गुप्तता हवी, मशीनवर तसं बटण द्या. त्याच वर्षअखेरीस पाच राज्यांत नोटा आला. म्हणजे मूळ भांडण गुप्ततेचं होतं, कोणाला पाडण्याचं नव्हतंच! लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांतला पहिला निवडून येतो. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरतं फेरनिवडणुकीचं ठरवलं, तो अपवाद.

आणि २०१९? आमच्या मतदारसंघात विजेत्याला १ लाख ३५ हजार मतं, आणि दुसऱ्या नंबरवर चक्क नोटा, २७ हजारांच्या वर! ग्रुपवर नुसता जल्लोष. मग पेपरात यायला लागलं की जागा युतीतल्या दुसऱ्या पक्षाला सुटल्याने नाराज झालेल्यांनी नोटा चालवला. माझं तत्त्वाचं मत आणि त्यांचा रुसवा एकाच आकड्यात. त्या बटणापुढे 'कारण' नावाचा रकानाच नाही. एरर आली एवढं दिसतं, मेसेज ब्लँक. डोकंच फिरलं माझं तेव्हा.

असो. पहाटे बसमध्येच उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं उघडली. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण, सगळं असतं त्यात. २००२-०३ च्या कोर्टाच्या निकालांची कृपा. मनापासून आवडावं असं कोणी सापडलं नाही. मग प्रश्नच बदलला: गावच्या पाण्यासाठी उद्या दार ठोठवायचं झालं, तर कोणाचं उघडेल? उत्तर काही फार आनंदाचं नव्हतं, पण होतं.

बटण दाबलं. सात सेकंद चिठ्ठी दिसली, पडली.

२३ तारखेला निकाल लागला. फरक साडेसहा हजारांच्या आसपास. मागच्या वेळच्या नोटाच्या पाव हिश्शाएवढा! किती तरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. माझा माणूस जिंकला की हरला ते विचारू नका, सांगणार नाही.

मतदान करून घरी आलो तेव्हा अण्णांनीही विचारलं होतं, "यंदाबी नोटाच का रं?"

"गुप्त असतंय अण्णा ते," म्हटलं, आणि चहा टाकायला उठलो.