चिमठाण्याचा खजिना

शिंदखेडा तालुक्यातलं चिमठाणे. 14 एप्रिल 1944 रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना या गावाजवळ लुटला गेला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात, सोबत बंदूकधारी पोलीस. हल्ला करणारे मात्र थेट साताऱ्याच्या प्रतिसरकारातले, म्हणजे इंग्रजांविरुद्ध भूमिगतांनी चालवलेल्या समांतर सरकारातले: जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे साथी.

शेकडो मैलांवरच्या परक्या मुलखात हे जमलं कसं? नुसत्या धाडसावर नक्कीच नाही. इथल्या वाटा माहीत असलेले डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील आणि खानदेशातले कार्यकर्ते सोबत होते. बाहेरून आलेल्या पुढाऱ्याने स्थानिकांचं ऐकायचं, ही शिस्त नेतृत्वाच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाची.

प्रतिसरकारची घडणच तशी होती. त्याचे नेते नाना पाटील तलाठ्याची नोकरी सोडून आलेले. नाव त्यांचं, पण गावोगावचे न्यायनिवाडे आणि तुफान सेना हे स्वयंसेवक दल चालवणारे गट वेगवेगळे. एक माणूस पकडला गेला म्हणून काम थांबत नसे. भूमिगतांना हे परवडणारंही नव्हतं म्हणा!

पुढे नागनाथअण्णांनी वाळव्यात सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याला नाव दिलं 1946 मध्ये पोलिसांच्या गोळीला बळी पडलेल्या किसन अहिर या सोबत्याचं.