सांगून आलेली राजदूत

आमच्या भागात राजदूत म्हटलं की अजून दुधाचे कॅन आठवतात. एस्कॉर्ट्सची ती १७५ सीसीची गाडी गवळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी बैलासारखी राबवली. १९८३ मध्ये त्याच कंपनीनं यामाहाच्या मदतीनं राजदूत ३५० काढली. नाव तेच, पण जात वेगळी. टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर, सहा गिअर आणि तीसेक अश्वशक्ती. ब्रेक मात्र दोन्ही चाकांना ड्रमचेच. पळायची ताकद मिळाली, थांबायची तेवढी नाही.

तिची दुसरी खोड पेट्रोलची. लिटरला पंचवीस किलोमीटर मिळाले तरी मालक खूश. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, तीच लिटरला ऐंशीची जाहिरात करत. पै-पैचा हिशेब करणाऱ्या घरांत ३५०चा निकाल तिथंच लागला. नव्वदच्या सुमारास ती निघायचीच बंद झाली.

अशा पडत्या काळात, १९८९च्या उन्हाळ्यात, तालुक्यातल्या एका ठेकेदाराची वापरलेली ३५० आमच्याकडं सांगून आली. नऊ हजाराला. उसाचं बिल हातात होतं. धाकटा काका बावीस वर्षांचा, त्याचा जीव तिच्यात अडकलेला.

"दादा, एकदा बसून तर बघा."

"बसलो तर उतरावं वाटायचं न्हाई," आण्णा म्हणाले, "म्हणून बसत न्हाई."

ते पैसे नदीवरच्या सामाईक पाइपलाइनच्या हिश्श्यात गेले. चर खणायला काकाच पुढं होता. दोन महिने तो आण्णांशी कामापुरतंच बोलला. पुढच्या वर्षी माळाच्या रानात पहिल्यांदा ऊस उभा राहिला.

आता त्या गाडीला लाखांत गिऱ्हाईक आहे. लग्नाकार्यात विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "तवा घ्यायला पायजे होती." पण ती आमच्याकडं टिकली नसती. तिच्यावरून वैरणीचे भारे आले असते, पार्ट मिळेनासे झाल्यावर ती गोठ्यामागं गंजली असती आणि शेवटी भंगारात गेली असती. बहुतेकींचं तेच झालं. ज्या थोड्या राहिल्या, त्यांनाच आज मोल आलं.

काकाला हा हिशेब पटतो, तरी तो वेगळंच सांगतो. "गाडीचं काय न्हाई रं. राबत हुतो, पण माझ्या मनासारखं एक तरी व्हावं, एवढंच हुतं."

हे तो आण्णांना कधी बोलला नाही. पण वाटणीच्या वेळी पंच बसले, चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, तेव्हा आण्णा म्हणाले, "माळाच्या रानाची चिठ्ठी टाकू नका. ते त्याचं हाय." काकानं मान खाली घातली. कारण कुणी विचारलं नाही.