कोंडाण्याचा कण्ह आणि चीनचा यू

महाराष्ट्रात लेणं दिसलं की 'पांडवांनी एका रात्रीत कोरलं' ही कथा ठरलेलीच. नाशिकच्या बौद्ध लेण्यांचं तर नावच पांडवलेणी पडलं. कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याला असलेल्या कोंडाणे लेण्यांत मात्र दगडच बोलतो. चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला एक भग्न यक्षमूर्ती आहे आणि तिच्याजवळ ब्राह्मी लिपीतली प्राकृत ओळ: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. काळ साधारण इ.स.पू. पहिलं शतक.

आता खरी गंमत. 'कण्ह' म्हणजे कृष्ण. म्हणजे महाभारतातला? की नाशिकच्या लेखात येणारा सातवाहन राजा कण्ह? नाव जुळलं की हात शिवशिवतात! पण या ओळीत ना राजपद आहे, ना द्वारका. आहे तो फक्त एक गुरू आणि त्याचा शिष्य.

हाच मोह चीनच्या यू राजाबाबत दिसतो. महापूर आवरून त्याने शिया राजवंशाचा पाया घातला, अशी आख्यायिका. २०१६ मध्ये वू चिंगलोंग आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये मांडलं, की पीत नदीवरच्या जिशी घळीत दरड कोसळून बांध तयार झाला आणि तो फुटून इ.स.पू. १९२० च्या सुमारास प्रचंड पूर आला. काळ ठरवला तो लाजिया इथल्या भूकंपात दगावलेल्या मुलांच्या हाडांच्या कार्बन-१४ मापनावरून. काम मेहनतीचं आहे, पण त्यातून सिद्ध होतो पूर, यू नव्हे. यूचा उल्लेख असलेले सर्वांत जुने लेख त्या पुरानंतर जवळपास हजार वर्षांनी येतात. या निष्कर्षावर लगेच आक्षेपही आले.

उलट उदाहरणही चीनचंच आहे. शांग राजांची यादी सिमा चिएनने इ.स.पू. १०० च्या आसपास लिहिली. ती कल्पित असावी, अशी शंका घेतली जायची. मग भविष्यकथनासाठी वापरलेल्या हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर राजांची नावं सापडली आणि वांग कुओवेई यांनी १९१७ मध्ये ती यादीशी ताडून पाहिली. क्रमात थोडा फरक, बाकी बहुतेक बरोबर. इथे एकटं नाव नव्हतं, आख्खी वंशावळ जुळली. पुराव्याचं वजन असं मोजायचं.

संशोधनाचा विषय निवडताना एवढं जरूर विचारा: कुठला पुरावा सापडला तर माझं म्हणणं पडेल?

कोंडाण्याच्या ओळीतही एक जागा मोकळीच आहे. 'केलं' असं लिहिलंय, पण काय केलं ते नाही. बलकाने अख्खं लेणं कोरलं, की फक्त तो यक्ष?