साळवे, लहूजी राघोजी
(१४ नोव्हेंबर १७९४–१७ फेब्रुवारी १८८१). पुण्यातील प्रसिद्ध शस्त्रविद्यागुरू. जन्म पुरंदरच्या पायथ्याशी, मांग कुटुंबात. वडील राघोजी खडकीच्या लढाईत (१८१७) धारातीर्थी पडले, असे सांगतात. पेशवाई बुडाल्यावर (१८१८) फौजेतील चाकरी उरली नाही. लहूजींनी पुण्यात तालीम काढून कुस्ती, दांडपट्टा व निशाणबाजी शिकविली. ज्यांचा स्पर्शही विटाळ मानला जाई, त्या वस्तादांकडे इतर जातींचे तरुण शिकण्यास येत, हे विशेष लक्षणीय होय. दांडपट्टा व निशाणबाजी आपण त्यांच्यापाशी शिकलो, असे जोतीराव फुले यांनी स्वतः नमूद केले आहे. वासुदेव बळवंत फडके हेही त्यांचे शिष्य मानले जातात. फुले यांनी शाळा काढल्या, तेव्हा मुलामुलींना तेथे पाठविण्यासाठी वस्तादांनी आपल्या समाजातील पालकांचे मन वळविले.